चार पिकं, एक कंट्रोलर: आवक नोंदीच्या अॅप्लिकेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

खानदेशात शेतमाल खरेदी करणाऱ्या एका संस्थेचं आवक नोंदीचं वेब अॅप्लिकेशन आम्ही जळगावातून सांभाळतो. संस्थेचं नाव आणि केंद्रांची नेमकी गावं इथे देत नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळी, धुळ्याकडे कापूस, नंदुरबारला मिरची आणि नवापूरकडून येणारी तूर, एवढं चित्र पुरेसं आहे.

काट्यावरचं काम सगळीकडे जवळपास सारखंच. गाडी येते, भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचं वजन होतं, दोन्हींतल्या फरकातून ठरलेली वजावट जाते आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. पिकागणिक बदलतात त्या बारीक गोष्टी. केळीला घडांची संख्या आणि बागेचा प्रकार लागतो, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग की पावसाळ्यानंतरची कांदेबाग. शिवाय दांड्याच्या वजनाची वजावट असते. कापसाला ओलावा मोजावा लागतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरतात आणि १२ टक्क्यांपर्यंतचा माल वजावटीसह घेतात. आमच्या संस्थेनेही तोच हिशेब ठेवला होता. त्याशिवाय कापसात कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस किती, हा आकडा असतोच. मिरची ओली आहे की सुकी हे नोंदवायचं. तुरीला खडे-माती आणि डाळीच्या प्रतीचा शेरा, कारण ती पुढे दाल मिलकडे जाते.

अॅप्लिकेशन रुबी ऑन रेल्सवर आहे, म्हणजे रुबी भाषेत वेब अॅप्लिकेशन बनवायच्या तयार चौकटीवर. डेटाबेसात ‘आवक’ नावाचं एकच टेबल. त्यावर ‘आवक’ हे मूळ मॉडेल (टेबलातली नोंद आणि तिचे नियम कोडमध्ये सांभाळणारा क्लास) आणि त्याचा वारसा घेणारे चार सबक्लास: केळीआवक, कापूसआवक, मिरचीआवक, तूरआवक. (कोडमध्ये नावं रोमन अक्षरांत आहेत, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहितो.) रेल्समध्ये याला सिंगल टेबल इनहेरिटन्स म्हणतात. टेबलात ‘टाइप’ नावाचा कॉलम असतो आणि त्यात क्लासचं नाव साठतं. मूळ मॉडेलकडे नोंद मागितली तरी रेल्स तो कॉलम वाचून योग्य सबक्लासची वस्तू हातात देतं.

मॉडेलची ही रचना चांगली होती. कंट्रोलर, म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती घेऊन काम करणारा कोड, मात्र चार होते आणि चारही एकमेकांची नक्कल. सुरुवातीला फक्त केळीचं काम होतं. पुढे दसऱ्याच्या तोंडावर कापूस आला, कापसाची आवक वाढण्याआधी पडदा (स्क्रीन) तयार हवा होता, म्हणून केळीचा कंट्रोलर उचलून नाव बदललं. मिरची आणि तुरीच्या वेळीही तेच झालं. त्या घाईत दुसरं काही करता आलं असतं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते हे, की घाई ओसरल्यावर कुणी मागे वळून पाहिलं नाही.

अडचण

संस्थेने एक नियम मागितला होता: एकदा पावती निघाली की वजन बदलताना कारण लिहिणं सक्तीचं. आमच्या सहकाऱ्याने तो नियम कंट्रोलरच्या अपडेटमध्ये, म्हणजे नोंद दुरुस्त करणाऱ्या भागात घातला. केळीत घातला, कापसात घातला, तुरीत घातला. मिरचीत राहून गेला.

हे कळलं ते नंदुरबारकडचा एक शेतकरी घडी घातलेली पावती घेऊन केंद्रावर आला तेव्हा. पावतीवरचं वजन आणि नोंदीतलं वजन जुळत नव्हतं. मधल्या काळात कुणीतरी नोंद दुरुस्त केली होती. कदाचित योग्य कारणानेच केली असेल, पण ते कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. संस्थेने पावतीप्रमाणे पैसे दिले, तो विषय तिथे मिटला. आमचा मिटला नाही. शेतकऱ्याच्या हातातला कागद हा आमच्या कामाचा शेवटचा पुरावा आहे. आमच्या निष्काळजीपणामुळे तो खोटा ठरत असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

कोणते पर्याय पुढे होते

पहिली प्रतिक्रिया साहजिक होती: चार कंट्रोलर एक करून टाकू. पण टेबलाभोवती बसल्यावर एका सहकारी ताईंनी वेगळाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “नियम चार ठिकाणी होता हे दुखणं आहे, की तो कंट्रोलरमध्ये होता हे?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वजन बदलताना कारण हवं, हा आवकीचा नियम आहे. तो ‘आवक’ मॉडेलच्या व्हॅलिडेशनमध्ये (नोंद साठण्याआधीच्या तपासणीत) असता तर कंट्रोलर चार असोत की चाळीस, मिरची सुटली नसती. नुसते कंट्रोलर एकत्र केले असते तर दुखणं झाकलं गेलं असतं, बरं झालं नसतं. पुढे एक्सेलमधून नोंदी आत घेण्याची सोय आली तेव्हा ती कंट्रोलरला वळसा घालूनच चालत होती. नियम तोवर मॉडेलमध्ये गेला नसता तर तिथे पुन्हा तोच खड्डा पडला असता.

म्हणून क्रम ठरला: आधी नियम मॉडेलमध्ये, मग कंट्रोलरचा विचार.

कंट्रोलरसाठी आम्ही बरेच रस्ते पाहिले. सामाईक कोड एका मॉड्यूलमध्ये काढून चारही कंट्रोलरमध्ये मिसळणं सगळ्यात कमी धोक्याचं होतं. पण मॉड्यूलमधली पद्धत (मेथड) एखाद्या कंट्रोलरने गुपचूप बदलली तर ते वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि आम्हाला नेमक्या अशाच गोष्टींनी दगा दिला होता. सबक्लास काढून टाकून ‘पीक’ असा साधा कॉलम ठेवावा, असंही एकाने सुचवलं. मग वजावटीचे चार हिशेब एकाच मॉडेलमध्ये ‘हे पीक असेल तर’ म्हणत बसले असते. डेलिगेटेड टाइप्स हा प्रकार रेल्स ६.१ पासून, म्हणजे २०२० च्या डिसेंबरपासून उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक पिकाचे खास कॉलम वेगळ्या टेबलात जातात. नवं अॅप्लिकेशन असतं तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो. चालू टेबल फोडायला मात्र त्या वेळी कुणाची छाती नव्हती.

खरी चुरस दोन रस्त्यांत होती. एक, ‘आवक’ हा मूळ कंट्रोलर आणि त्याखाली चार छोटे कंट्रोलर, मॉडेलसारखेच. रेल्स ३.१ पासून टेम्प्लेटही वारशाने मिळतात. केळीच्या फोल्डरमध्ये पडदा सापडला नाही तर रेल्स मूळ कंट्रोलरच्या फोल्डरमध्ये शोधतं, त्यामुळे सामाईक पडदे एकदाच लिहावे लागले असते. दुसरा रस्ता म्हणजे कंट्रोलर खरोखर एकच, आणि चार पिकांचे चार रूट (कोणता वेबपत्ता कोणत्या कंट्रोलरकडे जाणार हे सांगणाऱ्या ओळी) त्याच्याकडे वळवायचे. प्रत्येक रूट सोबत आपलं पीक सांगतो.

आम्ही दुसरा घेतला. कारण साधं होतं: पहिल्यातल्या चारही छोट्या फाइली त्या दिवशी रिकाम्या दिसत होत्या, आणि रिकाम्या फाइलीत पुढचा माणूस काहीतरी भरतोच, अशी धास्ती होती. या निवडीबद्दल आज माझं मत थोडं बदललं आहे. ते शेवटी लिहितो.

काय केलं

पिकाचा निर्णय कुणाचा, हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा होता. पहिल्या मसुद्यात वेबपत्त्यातून आलेला ‘टाइप’ घेऊन त्या नावाचा क्लास थेट बनवला होता. रेल्समध्ये हे एका शब्दात होतं, कॉन्स्टंटाइझ. चालायला सुरेख. पण पत्त्यातला मजकूर ब्राउझरमध्ये बसलेला कुणीही बदलू शकतो. तपासणीच्या वेळी आम्ही तिथे आवकीऐवजी युजर मॉडेलचं नाव टाकून पाहिलं, आणि यादीचा पडदा आमच्या वापरकर्त्यांच्या नोंदी वाचायला निघाला. तपशिलाचे कॉलम जुळले नाहीत म्हणून तो कोसळला, एवढंच नशीब.

म्हणून ठरवलं की बाहेरून आलेल्या मजकुरापासून क्लास बनवायचाच नाही. रूट्सच्या फाइलीत प्रत्येक पिकाच्या ओळीवर डिफॉल्ट मूल्य लिहिलं, ‘केळी’, ‘कापूस’ असं. रूटमध्ये दिलेलं मूल्य पत्त्याच्या शेपटीला जोडलेल्या मूल्यावर मात करतं, त्यामुळे बाहेरून ते बदलता येत नाही. कंट्रोलरमध्ये एक छोटा तक्ता: या शब्दाला हा क्लास. तक्त्यात नसलेला शब्द आला तर तिथेच त्रुटी. रूटमधल्या त्या मूल्याचं नावही मुद्दाम ‘टाइप’ ठेवलं नाही, ‘पीक’ ठेवलं, म्हणजे डेटाबेसातला कॉलम आणि रूटमधला शब्द यांची कुणी गल्लत करणार नाही.

या तक्त्याचा आणखी एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. अहवालाच्या पडद्यावर पिकांची यादी दाखवायला आम्ही मूळ मॉडेलला ‘तुझे सबक्लास कोण’ असं विचारत होतो. सर्व्हरवर यादी बरोबर यायची, पण माझ्या यंत्रावर कधी रिकामी, कधी अर्धी. डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे आपल्या यंत्रावर कोड लिहिताना, रेल्स क्लास लागेल तेव्हाच फाइल उघडतं. ज्या पिकाला अजून कुणी हाक मारलेली नाही, ते पीक त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं. यादी तक्त्यातून घ्यायला लागलो आणि हा लपंडाव थांबला.

नोंद शोधायची कुणाकडून, हा त्यापुढचा प्रश्न. मूळ मॉडेलकडे क्रमांक देऊन मागितलं तर केळीच्या पत्त्यावर कापसाची नोंदही उघडते, कारण टेबल एकच. दिसायला निरुपद्रवी वाटतं, पण आमच्याकडे मापाड्यांना पिकानुसार परवानगी दिलेली आहे. केळीची परवानगी असलेला माणूस पत्त्यातला आकडा बदलून कापसाच्या नोंदी पाहू शकला असता. म्हणून नोंद नेहमी रूटने ठरवलेल्या सबक्लासकडे मागायची, आणि तीही त्या केंद्रापुरती मर्यादित करून. सबक्लासकडे मागितली की रेल्स शोधात टाइपची अट आपोआप घालतं. दुसऱ्या पिकाची नोंद ‘सापडली नाही’ म्हणून परत येते. चार कंट्रोलर असताना हे संरक्षण आपसूक मिळत होतं. एकत्र करताना ते हातातून निसटू शकतं, हे कुठल्याही उदाहरणात मला ठळकपणे लिहिलेलं दिसलं नव्हतं, म्हणून इथे लांबवून लिहिलं.

मग फॉर्म. रेल्सचा फॉर्म वस्तूच्या क्लासवरून दोन गोष्टी ठरवतो: माहिती कुठल्या पत्त्यावर पाठवायची आणि कुठल्या नावाच्या गठ्ठ्यात. केळीचा फॉर्म ‘केळीआवक’ नावाचा गठ्ठा पाठवणार आणि कंट्रोलर ‘आवक’ नावाचा गठ्ठा शोधणार, की लगेच ४०० क्रमांकाची, ‘चुकीची विनंती’ अशी त्रुटी. यावर बरेच जण बिकम्स ही पद्धत वापरतात, म्हणजे फॉर्मपुरतं सबक्लासच्या वस्तूला मूळ क्लासचं रूप देतात. आम्ही करून पाहिलं. पत्ता मूळ आवकीचा झाला, आणि फॉर्ममध्ये केळीची खास पद्धत बोलवायला गेलो तर वस्तू म्हणते, मी केळी नाही. दुसरी युक्ती म्हणजे मूळ मॉडेलमध्येच नाव सांगणारी पद्धत बदलून सगळ्या सबक्लासना ‘आवक’ म्हणवणं. त्याने फॉर्म सुटला, पण पडद्यांची मराठी शीर्षकंही त्याच नावावरून येत होती. ‘केळी आवक’ आणि ‘कापूस आवक’ दोन्ही ठिकाणी नुसतं ‘आवक’ उमटलं. शेवटी सगळ्यात साधा उपाय टिकला: पत्ते प्रत्येक पिकाचे वेगळेच राहू द्यायचे आणि फॉर्मला स्कोप म्हणून ‘आवक’ हे नाव द्यायचं. पत्ता सबक्लासचा, गठ्ठा सामाईक. शिवाय रोजच्या एकत्रित यादीत प्रत्येक ओळीची लिंक आपोआप आपल्या पिकाच्या पत्त्यावर जाते, कुठेही अट लिहावी लागत नाही.

पडद्यांचं फार लिहिण्यासारखं नाही. सामाईक फॉर्म एक, आणि त्याच्या मधोमध पिकाचं पार्शल, म्हणजे त्या पिकापुरता फॉर्मचा तुकडा.

जिथे ठेच लागली

सामाईक कंट्रोलर भर पावसाळ्यात चालू केला. केळी वर्षभर येतच असते, त्यामुळे तपासणी केळीवर झाली आणि छान झाली. दसरा झाला, कापूस सुरू झाला. काही दिवसांनी धुळ्याकडच्या केंद्रावरून मापाडी भाऊंचा फोन आला: “भाऊ, मी आकडा टाकस, पन परत उघाडीसन दखस तं रिकामं!”

आकडा कवडीचा होता. फॉर्ममध्ये रकाना होता, मॉडेलमध्ये कॉलम होता, पण कंट्रोलरच्या परवानगीच्या यादीत, म्हणजे फॉर्ममधून कोणते रकाने स्वीकारायचे त्या यादीत, त्या रकान्याचं नाव नव्हतं. चार याद्या एकत्र करताना ते गळलं. यादीत नसलेला रकाना रेल्स मुकाट्याने टाकून देतं. लॉगमध्ये एक ओळ उमटते, तीही मूळ सेटिंगमध्ये फक्त डेव्हलपमेंट आणि टेस्टमध्ये; पडद्यावर काहीच दिसत नाही. ओलावा सक्तीचा होता, त्यामुळे तो गळला असता तर नोंदच झाली नसती आणि पहिल्या गाडीलाच कळलं असतं. कवडी ऐच्छिक होती, म्हणून नोंदी होत राहिल्या. मापाड्यांनी सवयीने कागदी वहीतही आकडे लिहिले होते, त्या वहीवरून आम्ही ते परत भरले. वही नसती तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्या दिवशी दोन बदल केले. डेव्हलपमेंट आणि टेस्टमध्ये यादीबाहेरचा रकाना आला की त्रुटी उठावी, अशी रेल्सची सेटिंग चालू केली. आणि परवानगीची यादी एकत्र न ठेवता पिकावार ठेवली: सामाईक रकाने एकदा, पिकाचे खास रकाने त्या पिकाच्या नावासमोर. एकत्रित लांब यादीचा उलटा धोकाही होताच. केळीच्या फॉर्मच्या नावाने कुणी ओलावा पाठवला असता तर तोही बिनबोभाट साठला असता.

टेस्टही बदलल्या. नोंद घाल, दुरुस्त कर, कारणाशिवाय वजन बदलायचा प्रयत्न कर, दुसऱ्या पिकाच्या पत्त्यावर उघडून पाहा, हा एकच संच तक्त्यातल्या प्रत्येक पिकावर फिरतो. प्रत्येक पिकाचे सगळे रकाने भरून सेव्ह करायचे आणि परत वाचून जुळवायचे, ही पायरी त्यात कवडीमुळे आली.

मिरचीचा वेगळा वाटा

त्याच हंगामात नंदुरबारकडून नवी मागणी आली. ओली लाल मिरची खरेदी झाल्यावर पथारीवर वाळायला पसरतात. वाळल्यावर तिचं वजन पुन्हा करायचं आणि किती घट झाली ते मूळ आवकीला जोडायचं.

आम्ही ते सामाईक कंट्रोलरच्या अपडेटमध्येच बसवायला घेतलं. ‘मिरची असेल तर वाळल्यानंतरचं वजन घे.’ मग ‘मिरची असेल आणि वाळवण झालं असेल तर पहिलं वजन बंद कर.’ मग ‘मिरची असेल तर यादीकडे नको, पथारीच्या पडद्याकडे पाठव.’ तिसरी अट लिहिताना हात थांबला. कापसाचा ओलावा, केळीचा दांडा या गोष्टी नियम बदलतात, माणसाचं काम बदलत नाहीत: गाडी येते, वजन होतं, पावती निघते. वाळवण हे वेगळं काम आहे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, वेगळा माणूस ते करतो.

तिन्ही अटी काढल्या. ‘वाळवण’ हे स्वतंत्र मॉडेल झालं, त्याला स्वतःचा कंट्रोलर मिळाला, आणि मिरचीची मूळ आवक इतर पिकांबरोबर सामाईक कंट्रोलरमध्येच राहिली. कंट्रोलर वाटून घ्यायचा की नाही, हे मॉडेल एका घराण्यातली आहेत का यावरून ठरवू नये; पडद्यासमोरच्या माणसाचं काम एक आहे का यावरून ठरवावं, असं माझं मत या तिसऱ्या अटीपाशी बनलं.

परिणाम

पुढच्या वर्षी मका आला. एक मॉडेल, रूट्समध्ये एक ओळ, तक्त्यात एक ओळ, परवानगीचे रकाने आणि एक पार्शल. टेस्टचा संच आपोआप मक्यावरही फिरला, आणि वजन बदलायला कारण हवं हा नियम कुणी आठवण न करता मक्याला लागू झाला.

एक अडचण मात्र मॉडेलच्या बाजूने राहिली आहे. टेबल एकच असल्याने ओलाव्याचा कॉलम केळीसाठी रिकामा असणारच, म्हणून डेटाबेसात तो सरसकट सक्तीचा करता येत नाही. ‘टाइप कापूस असेल तर ओलावा रिकामा नको’ अशी चेक अट टेबलावर घातली आहे. पिकं वाढली की अशा अटीही वाढतात.

आज केलं तर वेगळं काय

कवडीचा आकडा गळला तो घाईने नाही, तपासणी केळीवर झाली म्हणून. बदल पावसाळ्यात चालू करणं बरोबरच होतं, पण गेल्या हंगामातल्या कापसाच्या खऱ्या नोंदी घेऊन त्या नव्या फॉर्ममधून पुन्हा भरून पाहायला हव्या होत्या. दोन दिवसांचं काम होतं.

दुसरं, चुरशीतल्या त्या पहिल्या रस्त्याबद्दल. पिकावार परवानगीची यादी आज कंट्रोलरमधल्या तक्त्यात आहे आणि तो तक्ता फुगत चालला आहे. मूळ कंट्रोलर आणि त्याखाली छोटे कंट्रोलर असते तर प्रत्येक यादीला आपलं घर मिळालं असतं. ज्या फाइली आम्हाला रिकाम्या वाटल्या त्या रिकाम्या राहणार नव्हत्या. चार-पाच पिकांपर्यंत आहे ते चालेल. सहावं पीक आलं तर मी त्या रस्त्याला वळायला सांगेन. रूट्सच्या ओळी नव्या कंट्रोलरकडे वळवाव्या लागतील; पत्ते, फॉर्मचा स्कोप आणि टेस्ट यांतलं काहीच त्यासाठी बदलावं लागणार नाही.

तिसरं, धुळ्याच्या मापाडी भाऊंना आता नवा पडदा चालू करण्याआधी फोन जातो. पहिली नोंद ते भरतात, परत उघडून पाहतात, आणि मगच बाकीच्या केंद्रांना तो खुला होतो.